इतर

अर्लँग. तीनदा विचारून
हत्तुरे सरांनी फॉर्मवर शेवटी
'इतर'समोर बरोबरची खूण केली.
त्यांची चूक नाही.
त्या रकान्यात आजवर
शिवणकाम नाहीतर हार्मोनियम यायचं.

तबस्सुम हिंजवडीत जावा लिहिते.
फोनवर पहिलाच प्रश्न : का बे, पोट भरतंय का त्यानं?
मी आधीच शोधून ठेवलं होतं.
पुण्यात जावाच्या जागा, मोजायच्या सोडून दिल्या.
अर्लँगच्या दोन.
त्यातली एक दीड वर्षापूर्वीची,
दुकान उठून गेल्यावर पाटी लटकत राहते तशी.
सोलापूर टाकलं तर शोधानं मलाच विचारलं,
तुम्हाला एरंडेल म्हणायचंय का?

तरी बसते रात्री.
या भाषेत स्वल्पविराम म्हणजे अजून आहे,
अर्धविराम म्हणजे नाहीतर हे,
आणि शेवटी टिंब. टिंब राहिलं
तर यंत्र नुसतं वाट बघत बसतं,
शहाण्या पाहुण्यासारखं, तुमचं बोलणं संपायची.
एका नावाला एकदा पाच म्हटलं
की ते पाचच. उद्या सहा म्हणता येत नाही.
असला कडकपणा मला आवडला
हे कुणाला सांगू?

नानांना सांगितलं एकदा, ते पाळी संपवून
कानातला कापूस काढत होते.
म्हटलं, यात एक काम कोसळलं तर कोसळू द्यायचं,
लपवायचं नाही, ओढून न्यायचं नाही,
वर एक राखणदार असतो,
तो ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.
बाकीची हजार कामं चालूच.
मला वाटलं, चकित होतील.
ते म्हणाले, मग बरोबरच आहे की.
तार तुटली की माग थांबलाच पाहिजे.
तुटकी तार दडपून विणलेला टॉवेल
परदेशातून परत येतो, भाड्यासकट.
मग कापूस डबीत ठेवून,
माझ्याकडे न बघता :
पगार किती असतोय?

कमी लोकांच्या भाषेची आम्हाला सवय आहे तशी.
घरातलं तेलुगू ऐकून वरंगलचे पाहुणे हसतात,
म्हणतात यात निम्मं मराठी.
मराठीत मी 'काय करालास' म्हटलं
की तबस्सुमच्या ऑफिसातले हसतात.
शेजारच्या महानंदाकाकू कन्नडमधून कोथिंबीर मागतात,
आई तेलुगूतून देते,
भाव मराठीत ठरतो.
यातलं काहीच मी फॉर्मवर लिहिलेलं नाही.

मुलाखत रात्री साडेदहाला होती.
एका निरोप पोचवणाऱ्या कंपनीची,
समोर एकच माणूस, त्याच्यामागे कपड्यांचा ढीग.
ही भाषा का शिकलात?
पाठ केलेलं उत्तर होतं, टेलिफोनच्या एक्स्चेंजपासून सुरू होणारं.
तेवढ्यात साखर पेठेतली लाइट गेली.

मोबाइलवरून परत जोडलं, चार मिनिटांनी.
सॉरी म्हणणार होते,
तर तोच म्हणाला, काय होत होतं तुमच्याकडे?
म्हटलं, पडलं. उठवलं.
तो हसला की नाही, अंधारात कळलं नाही,
त्याचा कॅमेराही बंद झाला होता.
पुढचा तासभर त्यानं फक्त कोड विचारला.
तीन महिन्यांचं काम आहे, म्हणाला,
नंतरचं सांगता येत नाही. कळवतो.

आई मेणबत्तीपाशी विड्या वळत होती.
सूप मांडीवर, हात न थांबवता म्हणाली,
इंग्रजी बोलत होतीस तेव्हा घाबरलेली होतीस.
मधे बराच वेळ गप्प राहून टाइप करत होतीस ना,
तेव्हा बरं चाललं होतं.

मी तिच्या सुपातला दोरा घेतला.
एका कट्ट्यात पंचवीस.
हे मी कधी शिकायला बसले नव्हते,
बोटांना येतं.
हजाराला काय मिळतं तेही
दोघींना पाठ आहे.